थर्मलची डबी

आमचं घर संशयी होतं. काही घरं गाणारी असतात, काही उठल्यासुटल्या भांडणारी असतात, तसं आमचं संशयी. त्याचं मूळ नानांच्या नोकरीत असावं असं मला आता वाटतं. नाना, म्हणजे माझे वडील, जळगावच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर होते. कापसाच्या गाड्या यायच्या, आणि वजन वाढावं म्हणून कुणी आतल्या कापसावर पाणी मारून आणायचं, कुणी तळाशी माती दडवून आणायचं. नाना गाडीवर चढून कोपरापर्यंत हात आत खुपसायचे आणि खालचा कापूस ओढून बाहेर काढायचे. वरचा कापूस त्यांनी आयुष्यात कधी खरा मानला नाही. नोकरी संपली तरी सवय घरात राहिली. मेथीच्या जुडीचा दोरा सोडून ते आतल्या काड्या बघायचे, पोस्टमनने दिलेलं पाकीट आधी उजेडाला धरायचे. माय त्यांच्या वरताण. दूधवाल्याच्या मापात त्याचा अंगठा बुडालेला असतो आणि गिरणीवाला आपल्या दळणातलं पसाभर पीठ ठेवून घेतो, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मी त्यांचीच मुलगी. अजूनही कुलूप लावलं की मी ते तीनतीनदा ओढून बघते, आणि कुणी फार गोड बोललं की मला आधी त्याच्या हाताकडे बघावंसं वाटतं. माझी सून हसते. हसू दे.

आम्ही मेहरूणमध्ये राहायचो, तलावाच्या अलीकडच्या गल्लीत. पुढे एक मोठी खोली, मागे स्वयंपाकघर, त्यामागे अंगण आणि अंगणात सिमेंटचा हौद. पुढच्या खोलीची एक भिंत पश्चिमेला होती, आणि उन्हाळ्यात दुपार कलली की त्या भिंतीला पाठ लावून बसवत नसे. जळगावचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला मी काय सांगायचं, आणि ज्याने काढला नाही त्याला सांगून कळायचं नाही. सकाळी अकराला गल्ली रिकामी व्हायची. कुत्रीसुद्धा गटारीत पोट टेकून पडायची. त्या वर्षी दादाने, माझ्या थोरल्या भावाने, कूलर आणला. तो डाळ मिलमध्ये होता, आणि मिलमधल्याच कुणीतरी तो पत्र्याचा निळा कूलर खिडकीत बसवून दिला. त्याच्या तीन बाजूंना लाकडाचा भुसा भरलेल्या जाळ्या, आत पाण्याची टाकी, पाणी वर चढवणारी मोटर आणि हा एवढा पंखा. तो सुरू झाला की खोलीत बोललेलं ऐकू येत नसे. पण ओल्या लाकडाचा वास घेऊन वारा आला की नाना डोळे मिटून म्हणायचे, ‘‘वा, महाबळेश्वर!’’ ते महाबळेश्वरला कधी गेले नव्हते.

कूलरला पाणी लागतं, आणि भरपूर लागतं. हौदातून बादल्या भरून, स्वयंपाकघरातून पुढे आणून, स्टुलावर चढून टाकीत ओतायच्या. हे काम वहिनीकडे आलं. आलं म्हणजे कुणी दिलं नाही, नवीन सुनेकडे कामं आपोआप येतात. वहिनी धरणगावची. मागच्याच हिवाळ्यात लग्न होऊन आली होती. अंगाने लहानखुरी, चालताना पायांचा आवाज नाही, आणि हातात सदा एक ओलं फडकं. तिला पुसायचं वेड होतं. डबे, खिडक्यांचे गज, देवाच्या तसबिरी, बटणांचा बोर्ड, सगळं पुसायची. धुळीच्या वावटळी उठायच्या त्या दिवसांत आमचं घर गल्लीत सगळ्यांत स्वच्छ होतं, आणि माय त्यावरूनही म्हणायची, ‘‘इतली पुसस, काय झाकस?’’ मी तेव्हा बी.ए.ची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत घरी होते. वहिनी माझ्याच वयाची, पण मला ताई म्हणायची, कारण मी नणंद.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आंब्याचा रस आणि खापरावरची पुरणपोळी खातात, आणि सासरच्या गोष्टी अर्ध्या सांगतात, अर्ध्या गिळतात. त्या आखाजीला माझी थोरली बहीण अक्का आली आणि चार दिवसांनी तिला न्यायला दाजी आले. दाजी दीपनगरला होते, थर्मलमध्ये. आमच्या भागात त्या वीजकेंद्राला सगळे नुसतं थर्मलच म्हणतात. आता खरं सांगायचं तर दाजी तिथे टाइम ऑफिसात होते. कोण किती वाजता कामावर आलं, कोण सुट्टीवर गेलं, हे बघणं त्यांचं काम. विजेशी त्यांचा संबंध टेबलावरच्या पंख्यापुरता. हे आम्हाला लग्न ठरतानाच सांगितलेलं होतं. पण ‘जवाईबापू थर्मलमध्ये आहेत’ हे वाक्य गल्लीत इतक्यांदा बोललं गेलं की त्यातलं टाइम ऑफिस कधी गळून पडलं ते कळलं नाही. पंखा कुरकुरला, ठेवा, जवाईबापू येतील तेव्हा बघतील. इस्त्री तापेना, जवाईबापूंना दाखवू. दाजी बिचारे भिडस्त. सासुरवाडीत बसायला पाट, जेवायला ताट, आणि हातात बिघडलेली इस्त्री. नाही कसं म्हणणार? कधी सुटलेली वायर जोडली जायची, कधी नाही. नाही जोडली गेली तर माय म्हणायची, कंपनीच खोटी.

त्या खेपेला नानांनी कूलरची तक्रार मांडली. कूलर सुरू ठेवून झोपलं की पहाटे खोली गारठते आणि त्यांचे गुडघे धरतात. उठून बंद करायचा तर झोप मोडते. ‘‘तुमी थर्मलवाला शेतस,’’ नाना म्हणाले, ‘‘याले काही उपाय व्हई का?’’ दाजींनी जरा विचार केला आणि म्हणाले, असतो एक डबा, थर्मोस्टॅट म्हणतात. खोली गार झाली की आपलं आपण बंद, गरम झाली की आपलं आपण चालू. लागलीच ते भुसावळला गेले आणि दुसऱ्या दिवशी बारा वाजता, घामाने निथळत, ती वस्तू घेऊन आले. पांढरी, हाताच्या पंजाएवढी डबी. पुढे गोल फिरकी आणि फिरकीभोवती आकडे.

दाजींनी ती कशी बसवली ते मला लख्ख आठवतं, कारण बघायला आम्ही सगळेच उभे होतो. आधी मेन स्विच पाडला. पश्चिमेच्या भिंतीवर, दिवाणाच्या वर, लाकडी गुल्ले ठोकून पट्टी बसवली. कूलरच्या बटणापासून वायर कापून डबीपर्यंत आणली, पट्टीखालून फिरवली, चाकूने तिची टोकं सोलली. डबीचं झाकण उघडल्यावर आत तीन स्क्रू होते आणि दाजींच्या हातात दोन वायरी होत्या. तिथे ते थांबले. डबीबरोबर एक कागद होता, पण तो इंग्रजीत आणि चित्र मुंगीएवढं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, मग घडी करून खिशात ठेवला. एक वायर मधल्या स्क्रूला लावली. दुसरी डावीकडे नेली, परत आणली, आणि उजवीकडे आवळली. मेन स्विच वर करून फिरकी फिरवली. डबीत टक् असा आवाज झाला आणि कूलर सुरू झाला. सगळ्यांनी सुस्कारा टाकला. मायने डबीला हळद-कुंकू लावलं. दाजींनी फिरकी एका आकड्यावर आणून ठेवली आणि म्हणाले, ‘‘याला कुणी हात लावायचा नाही. हात लागला की मशीन दम खातं, मग लवकर चालू होत नाही.’’ हे वाक्य त्यांना कुठून सुचलं देव जाणे. पण आमच्या घरात ते दगडावरच्या रेघेसारखं पक्कं झालं.

दाजी आणि अक्का गेल्यावर आधी त्या डबीचाच संशय सुरू झाला. थर्मोस्टॅट हा शब्द आमच्याकडे दोन दिवस टिकला, मग ती झाली ‘थर्मलची डबी’. आणि एकदा थर्मलची म्हटल्यावर तिचा दीपनगरशी संबंध असणारच. नानांना वाटायला लागलं की आपण किती वीज जाळतो ते या डबीतून थेट वीज बोर्डाला कळतं. ‘‘यानी वायर कोठे जास?’’ ते दादाला विचारायचे. कूलरपर्यंतच जाते हे दादाने बोट फिरवून दाखवलं, तरी त्यांचं समाधान होईना. भिंतीतून आणखी एखादी गेली असेल तर? मायचा संशय वेगळा. तिला वाटायचं, जवाईबापूंना तिकडे बसून या खोलीतलं काहीतरी कळत असणार. दिसत नसेल, पण कळत असेल. त्यामुळे ती दिवाणासमोरून जाताना डोक्यावरचा पदर नीट करायची, आणि जवाईबापूंच्या घरच्यांबद्दल काही बोलायचं झालं तर स्वयंपाकघरात जाऊन बोलायची. मी हसले तर म्हणाली, ‘‘तुले काय कळस वं? रेडिओमा मानूस बसेल ऱ्हास का? तरी बोलस ना?’’

मग कूलर बंद पडायला लागला. तोही भर दुपारी, जेवण करून सगळे आडवे झाले आणि पहिली डुलकी लागली की. आम्ही त्याच्या आवाजात झोपायचो, आणि आवाज थांबला की जाग यायची. घामाने उशी ओली. वर पंखा फिरतोय, म्हणजे वीज आहे. बटण पाहिलं तर खालीच दाबलेलं. डबीची फिरकी आपल्या आकड्यावर. संध्याकाळ झाली, जरा वारा सुटला, की स्वारी पुन्हा सुरू. पहाटे तर असा जोरात चालायचा की नाना गोधडीत गुडघे घेऊन कण्हायचे. ज्यासाठी डबी आणली त्याच्या बरोबर उलटं चाललं होतं. आज हे कुठल्याही पोराला सांगा, तो म्हणेल डबीच उलटी लागलीय. पण आमच्या घरात तसा विचार करायला वाटच नव्हती. डबी जवाईबापूंनी बसवली होती. जवाई थर्मलचा. त्याचं काम चुकलं म्हणणं म्हणजे अक्काच्या संसाराला बोट लावणं. मग उरलं कोण?

‘‘आपलं आपन कसं बंद व्हई?’’ माय म्हणाली. ‘‘कोनी तरी करस, तवय व्हस.’’

आणि तिने तो कोणी शोधून काढला. कूलर चालला की पाणी जातं. पाणी गेलं की बादल्या आणाव्या लागतात. बादल्या कोण आणतं? ‘‘पानी भराना कटाळा येस तिले.’’ सगळे झोपले की सून फिरकी फिरवते, आणि आपण हललो की पुन्हा जागेवर आणून ठेवते. पण हात लागल्यावर मशीन दम खातं, म्हणून ते लगेच सुरू होत नाही. जवाईबापूंनी सांगितलंच होतं. पहाटे मुद्दाम चालू ठेवते, ते सासऱ्यावरचा राग म्हणून. सगळं कसं चोख बसत होतं. नानांनी ऐकून मान हलवली. त्यांना गाडीतला ओला कापूस सापडल्यावर जसं व्हायचं तसं त्यांचं तोंड झालं.

नजर ठेवायचं काम मला मिळालं, आणि मी ते आवडीने केलं. दुपारी दिवाणाखाली चटई टाकून, तोंडावर ओढणी घेऊन पडायचं आणि ओढणीतून बघायचं. वहिनी झोपत नसे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून काहीतरी निवडायची, कुरडयांचा डबा उन्हात न्यायची, आणायची. मधूनच मान वर करून कूलरकडे बघायची. ते बघणं मला काही सरळ वाटेना. निर्दोष माणूस कूलरकडे इतक्यांदा कशाला बघेल? एकदा कूलर थांबला तेव्हा ती अंगणात होती, बादलीचा आवाज येत होता. माझ्या मनाने लगेच ठरवलं की हिने आधीच काहीतरी करून ठेवलं असणार. संशयाला अडचण अशी नसतेच.

एकदा मी सहज विचारल्यासारखं केलं, ‘‘वहिनी, दुपारी जरा पडत का नाही?’’

तिने गव्हातला खडा वेचून बाजूला टाकला. ‘‘झोप येस कोठे, ताई? कूलरना आवाज बंद व्हयना का मना जीव धसकस. आते मायबाई उठतीन, आते माले देखतीन.’’ आणि ती हसली. ते हसणं मला तेव्हा धीटपणाचं वाटलं. आवाज थांबला की आता सासू उठेल, आता आपल्याला बघेल, या भीतीत ती पोर महिनाभर बसून होती.

मग ती दुपार आली. कूलर नुकताच थांबला होता, मी जागी होते, माय घोरत होती. वहिनी फडकं घेऊन आली. आधी तिने खिडकीचा गज पुसला, मग बटणांचा बोर्ड, मग हात उंच करून ती डबी. फडकं चांगलं ओलं होतं, भिंतीवरून पाण्याचा ओघळ आला. ती हात तसाच डबीवर ठेवून थांबली. का थांबली ते मला कळेना. आणि टक् असा आवाज झाला, आणि कूलर धडधडत सुरू झाला. त्या आवाजाने मायचे डोळे उघडले. समोर सून, तिचा हात डबीवर.

‘‘सापडनी!’’ माय ओरडली. नाना धडपडत उठून बसले. वहिनीच्या हातातलं फडकं दिवाणावर पडलं. ती काही बोलायला गेली तर मायने बोलूच दिलं नाही. मला मात्र एक गोष्ट खटकत होती. संशयी माणसाचा एक गुण असतो, तो आपल्याच माणसाचंही सगळं खरं धरत नाही. मी म्हटलं, ‘‘माय, पण तिचा हात लागला तेव्हा कूलर चालू झाला. बंद नाही झाला.’’

मायने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच डबी फिरवली. ‘‘जो चालू करस, तोच बंद करस,’’ ती म्हणाली. ‘‘तुले बी फोडं का तिनी?’’

मी नानांकडे गेले. बाजारातून वायरमन आणू, तो डबी उघडून बघेल, असं म्हटलं. नाना उखडले. ‘‘जवाईबापूनं काम शे ते. त्याले कोनी हात लावाना नही!’’ संध्याकाळी दादा मिलमधून आला तेव्हा मायने त्याला सगळं ऐकवलं. तो हातपाय धुऊन जेवला आणि गच्चीवर जाऊन बसला. मला त्याचा भयंकर राग आला. बायकोला एक शब्द विचारायचा, किंवा आईला एक शब्द बोलायचा. दोन्ही त्याच्याने झालं नाही.

नानांनी धरणगावला निरोप धाडला की येऊन पोरीला समज द्या, आणि उन्हाळा सरेपर्यंत घेऊन जा. वरवर हे साधं वाटतं. पण आमच्या गल्लीत हे असं नेलेली एक सून होती, शिंप्याच्या घरातली. तिलाही पावसाळा लागेपर्यंतच नेलं होतं. मग तिकडून कुणी आणून सोडलं नाही, इकडून कुणी आणायला गेलं नाही, आणि तिचा नवरा तिचं नावही घेईनासा झाला. वहिनीला हे ठाऊक होतं. निरोप गेल्यावर तिने पुसणं सोडलं. फडकं खुंटीवर वाळून काठीसारखं झालं. मी तिच्याशी बोलायला गेले की ती कामाचं तेवढं बोलायची. माझ्यावर तिचा भरवसा उरला नव्हता, आणि तिचं चुकत नव्हतं.

तो अधिक महिना होता. अधिकात जावयाला धोंड्याचं जेवण करतात, पुरण भरलेले धोंडे आणि वाण देतात. तेव्हा दाजी-अक्का येणारच होते. नानांनी त्याच दिवशी धरणगावलाही बोलावलं. जावई बैठकीत असला म्हणजे बोलण्याला वजन येतं, हा हिशोब. सकाळपासून स्वयंपाकघरात वहिनी आणि अक्का राबत होत्या. पुरण वाटल्याचा, तळणाचा, आंब्याच्या सालीचा वास घरभर. दाजींना ओवाळलं, वाण दिलं, जेवू घातलं. वहिनीनेच वाढलं. रसाचा एक थेंब ताटाबाहेर सांडला नाही.

वहिनीचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, दुपारच्या एसटीने आले. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात आंब्यांची पिशवी. लेकीला मूलबाळ होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, असं त्यांच्याकडे पाळत. म्हणून त्या उन्हातून आलेला माणूस कोरड्या ओठांनी सतरंजीवर बसला. दाजी दिवाणावर, बरोबर डबीखाली. नाना खुर्चीत. दादा भिंतीला टेकून, नजर फरशीवर. शेजारचे दोन म्हातारे साक्षीला. कूलर जोरात चालू होता आणि नाना त्याच्यावर आवाज चढवून बोलत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. वहिनी माझ्या शेजारी, डोक्यावर पदर, हाताशी पाण्याने भरलेली बादली, कारण बैठक असली तरी टाकी भरायची होतीच.

नानांनी सगळं मांडलं. झोप लागली की फिरकी फिरवते, पहाटे चालू ठेवते, एकदा तर रंगेहाथ सापडली. आबा खाली मान घालून ऐकत होते. खोलीत इतकी माणसं, पश्चिमेची भिंत तापलेली, हवा कोंदलेली. ‘‘जवाईबापू बठेल शेतस, त्यासना समोर सांगस,’’ नाना म्हणाले, ‘‘तुमनी पोरले...’’

टक्.

कूलर थांबला. पाण्याचे शेवटचे थेंब टाकीत पडल्याचं ऐकू आलं. सगळ्यांनी आधी बटणाकडे पाहिलं. बटण चालू. मग डबीकडे. डबीच्या आसपास दाजींच्या डोक्याशिवाय काही नव्हतं. मग सगळ्यांच्या नजरा दाराकडे वळल्या, आणि दारात वहिनी उभी होती, माझ्या शेजारी, दोन्ही हात बादलीच्या कडीवर.

आबांनी मान वर केली. त्यांच्याकडे व्याह्याला याही म्हणतात. अगदी साध्या आवाजात, जशी वाट विचारावी, तसं त्यांनी विचारलं, ‘‘याही, आते कोनी बंद करा?’’

माय पदराने वारा घेत होती, तिचा हात थांबला. अक्का माझ्यामागे येऊन उभी राहिली होती आणि दाजींकडे बघत होती. दाजींच्या कपाळावरून घाम वाहत होता. ते दिवाणावरून उतरले, उभे राहिले, आणि एकदाचे बोलले. ‘‘नाना, आत तीन स्क्रू आहेत. एक गरमीसाठी असतो, एक थंडीसाठी. कुठला कुठला ते मला समजलं नव्हतं. मी अंदाजाने लावली.’’ मग अक्काकडे न बघता म्हणाले, ‘‘मी टाइम ऑफिसात आहे, नाना. मला यातलं काही येत नाही.’’ एवढं बोलायला त्या माणसाला किती बळ लागलं असेल ते मला आज कळतं. सासुरवाडीत, अधिक महिन्यात, हातात वाणाचं ताट घेतलेल्या जावयाने हे बोलायचं!

पुढे वायरमन आला, त्याने दुसरी वायर एका स्क्रूवरून दुसऱ्यावर नेली आणि गुडघे दुखायचे थांबले, हे सगळं नंतरचं. त्या क्षणी वहिनीने बादलीत हात बुडवला. पदर सावरत ती सरळ माणसांच्या मधून गेली, सासरा, जावई, शेजारी, कुणाकडे न बघता, आणि आपला ओला तळवा डबीवर ठेवला. आम्ही बघत राहिलो. पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. ओल्या हाताने डबी गार पडली, टक् झालं आणि कूलर सुरू झाला. तिने हात काढला, पदराला पुसला आणि बाजूला उभी राहिली.

नाना खुर्चीतून अर्धे उठले. त्यांच्या डोळ्यांत तोच जुना संशय होता, पण तो आता कुणावर धरावा ते त्यांना कळत नव्हतं. ‘‘हाई तुले कधय पाईन म्हाईत शे?’’ कधीपासून, एवढंच त्यांना विचारता आलं.

‘‘पैली डाव पुसी ना, तवय पाईन,’’ वहिनी म्हणाली.

‘‘मंग सांगं का नही?’’

वहिनीने पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघितलं, मग मायकडे, मग भिंतीला टेकलेल्या दादाकडे.

‘‘माले कोनी इचारंच नही, नाना.’’